उचलायचा नाही असा फोन

आधीच सांगून टाकते, भुताखेतांच्या बाबतीत मी अगदी कोरडी बाई आहे. माझ्या दाराला लिंबू-मिरची नाही, ती कोशिंबिरीत जाते. अंगात आलेल्या बायका मी खूप पाहिल्या, पण त्यांना चहा हवाय की मान, एवढंच मला दिसतं. या फोरमवरचे अनुभव माझी लेक वैशाली मला दुपारी वाचून दाखवते आणि निम्म्यांना मी फिदीफिदी हसते. परवा तिनं मोबाईल बाजूला ठेवला आणि म्हणाली, "मग तुझं सांग ना आई... गुरुवारचं." माझं हसणं तिथंच थांबलं.

तर हे लिहितेय. टायपिंग तिचं आहे, राग माझा. राग म्हणतेय, भीती नाही — हे नीट वाचा. तुमच्या अनुभवांत कुणाची तरी गेलेली आजी येऊन वाचवते, कुणी अनोळखी म्हातारा रस्ता दाखवतो. माझ्या बाबतीत जे काही आलं, त्यानं मला धडधडीत फसवलं. सहा-सात महिने, दर आठवड्याला, ठरलेल्या वेळेवर.

साल ९६. आम्ही सुरतला, उधन्यात राहायचो. मी मूळची अमळनेरजवळच्या खेड्यातली. लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर सुरतला आले, आमच्याकडची निम्मी गावं येतात तशी. खाली लूम, म्हणजे यंत्रमाग, वर भाड्याच्या खोल्या, अशी आमची गल्ली. आमच्या खोलीसमोर घरमालकीण कांताबेन राहायच्या. विधवा बाई, मुलगा राजकोटला. त्यांच्या पुढच्या खोलीत फोन होता, वर क्रोशाचं झाकण आणि डायलला छोटं कुलूप. कुलपाची किल्ली कांताबेनच्या कमरेला. आम्ही सगळे भाडेकरू त्यांचाच नंबर नातेवाइकांना द्यायचो आणि पुढे 'पी.पी.' लिहायचो. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना कळेल. शेजाऱ्याच्या फोनवर अर्ध्या गल्लीचा संसार चालायचा.

माझा नवरा दिलीप साडीच्या मिलमध्ये इस्त्रीच्या प्रेसवर होता. तेव्हा मी त्याला 'हे' म्हणायचे, 'अहो' म्हणायचे. आता 'तो' म्हणणार आहे, आणि त्याबद्दल कुणी मला कमेंटमध्ये संस्कार शिकवू नयेत.

मुंबईच्या कुठल्याशा एजंटनं त्याला क्रूझवर लावून दिलं. क्रूझ म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. जहाज म्हटलं की मला कोळसा आणि पोती दिसायची. तो म्हणाला, "हॉटेल आहे गं, फक्त पाण्यावर चालतं." तिथल्या लॉन्ड्रीत त्याला इस्त्रीचं काम. रोज डोंगराएवढ्या चादरी आणि टेबलक्लॉथ. दहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, पगार शेवटी एकदम हातात. होळी झाली आणि तो गेला. वैशू तेव्हा साडेतीन वर्षांची होती. मी घरी साड्यांचे मागचे सुटे धागे कापायचं काम घेतलं. सुरतेत निम्म्या बाया तेच करतात, कात्री बोटात अडकवायची आणि दिवसभर कटकट कापत बसायचं.

आता मुख्य गोष्ट... फोन. जहाजावरून फोन करता यायचा, पण तो वर आकाशातल्या सॅटेलाइटवरून. इतका महाग की हॅलो म्हणेपर्यंत दिवसाची मजुरी संपायची. म्हणून जुन्या खलाशांनी नव्यांना युक्ती शिकवून ठेवलेली. जहाज बंदराला लागलं की खाली उतरायचं, बूथवर कार्ड घालून घरचा नंबर फिरवायचा, ठरलेल्या रिंग जाऊ द्यायच्या आणि कट करायचं. समोरच्यानं उचललं नाही तर कार्डातलं काहीच जात नाही. फुकटात खुशाली.

जायच्या आदल्या दिवशी त्यानं मला कांताबेनच्या फोनसमोर बसवून पाठ करून घेतलं. दोन रिंग, कट, मिनिटभरानं पुन्हा दोन — म्हणजे सगळं ठीक. तीन आणि परत तीन — येणं लांबलं. एक आणि परत एक — निघालो, येतोय. जहाज दर आठवड्याला तोच फेरा मारतं, गुरुवारी इटलीतल्या एका बंदराला असतं, तिथली दुपारची सुट्टी म्हणजे आपले साडेतीन.

"आणि काही झालं तरी उचलायचा नाही," तो म्हणाला. "उचललास की गेलं कार्ड."

मी खूणगाठ बांधली, उचलायचा नाही.

गुरुवारच बरा होता. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना गुरुवारी विजेची सुट्टी असायची, लूम बंद. एरवी त्या खटाखटीत शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. गुरुवारी मात्र गल्ली अशी शांत व्हायची की फोन जिन्यापर्यंत ऐकू यायचा.

साडेतीनला मी आणि वैशू कांताबेनच्या चटईवर जाऊन बसायचो. कांताबेन डाळ निवडत. फोन वाजायचा. वैशू बोटं काढायची, "एक... दोन..." मग कट. मग ते मिनिट... मी श्वास धरून ठेवायचे. पुन्हा एक... दोन. कट.

"आवी गई तारी घंटी," कांताबेन म्हणायच्या, "हवे चा पी."

माझी पोर आकडे शाळेत नाही शिकली, त्या फोनवर शिकली. आणि मी तुम्हाला खरं सांगते, त्या चार घंट्यांवर माझा अख्खा आठवडा निघायचा. भाजी घेताना मी हसायचे. सुरुवातीला त्याची दोन पत्रं आली, मग पत्रं बंद झाली. मी म्हटलं, असू दे, दमत असेल, रिंग तर येतेय ना! रिंग होती म्हणून मी पत्राची चौकशी केली नाही. ही माझी चूक, आणि ती मी इथं लिहून ठेवते.

खानदेशात अक्षय्यतृतीयेला, आमच्या आखाजीला, सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात, आई समोर बसवून पुरणपोळी खाऊ घालते. आखाजीला माहेरी न गेलेली मुलगी म्हणजे गावात चर्चा. त्या वर्षी मी गेले नाही. अमळनेरला गेले तर मधला गुरुवार चुकला असता. मायनं निरोप धाडला, पुढच्या आखाजीला तरी ये. मी म्हटलं, येईन की, दोघं मिळून येऊ.

पावसाळा गेला, दिवाळी गेली, गुरुवार एकही चुकला नाही. जानेवारीत त्याची यायची वेळ झाली आणि एका गुरुवारी फोन तीनदा वाजला. कट. पुन्हा तीन. वैशूनं तिसरं बोट उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. येणं लांबलं. मी रडले, कांताबेननी पाठीवर हात फिरवला. पण मनात कुठंतरी बरंही वाटलं, की माणसानं आठवणीनं कळवलं. पुढच्या गुरुवारी परत दोन-दोन. सगळं ठीक.

फेब्रुवारीत एका बुधवारी माझा मोठा भाऊ, नाना, दारात उभा. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"शोभा, माय आजारी शे. तुले लेवाले ऊनू. आते चाल."

"फार आजारी शे का?"

"तुनी वाट देखी ऱ्हायनी."

मी काय केलं सांगू? मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. उद्या गुरुवार. मागच्याच महिन्यात तीन-तीन आली होती, उद्या कदाचित एक-एक येईल, निघालोय म्हणून... मी नानाला म्हटलं, तू हो पुढं, मी परवा सकाळच्या भुसावळ पॅसेंजरनं येते.

"त्या घंटीले काय धरी बसनी तू?" नाना एवढंच म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

गुरुवारी साडेतीनला फोन वाजला. दोन. कट. दोन. कट. सगळं ठीक. मी चहा प्याले आणि पिशवी भरायला घेतली. वैशूचा फ्रॉक, मायसाठी उधन्याच्या बाजारातून घेतलेली मऊ सुती साडी. सहाच्या सुमारास कांताबेनचा फोन पुन्हा वाजला, या वेळी थांबेचना. कांताबेननी उचलला आणि मला हाक मारली. नाना होता, अमळनेरच्या बूथवरून.

"शोभा... माय गयी."

केव्हा, म्हणून विचारलं. दुपारी, चार वाजायच्या आत.

म्हणजे 'सगळं ठीक'ची घंटी वाजत होती तेव्हाच. ते मी कुणाला सांगितलं नाही. मनात म्हटलं, हे बिचारे साता समुद्रापार, यांना काय ठाऊक माझी आई चालली आहे! त्यांनी आपली खुशाली कळवली. बघा, तेव्हाही मी त्याचीच बाजू घेत होते. मातीला पोचले, परत आले, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा चटईवर जाऊन बसले.

मार्चअखेरीस एक माणूस आमची खोली शोधत आला. उन्हानं रापलेला, अंगात परदेशी टी-शर्ट. नाव सांगितलं टंडेल, गाव दमण. बहिणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला सुरतच्या मार्केटात आला होता.

"भाभी, दिलीपभाई घर पे हैं? हम एक ही केबिन में थे."

मी म्हटलं, ते तर जहाजावरच आहेत.

तो थोडा गोंधळला. मग खिशातून पाकीट काढलं आणि त्यातून एक फोटो. माझा आणि वैशूचा, गल्लीतल्या स्टुडिओत काढलेला. केबिनच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता म्हणे, घाईत राहून गेला, म्हणून आणून दिला.

"घाईत म्हणजे?"

"उनको तो सप्टेंबर में उतरना पडा ना... आपकी तबियत इतनी खराब थी."

माझी तब्येत! मी म्हटलं, भाई, तुमची काहीतरी गल्लत होतेय, काल-परवापर्यंत दर गुरुवारी त्यांची रिंग आलीय. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, भाभी, ते होऊच शकत नाही. नोव्हेंबरात जहाज तिकडचा समुद्र सोडून अमेरिकेच्या बाजूला गेलं. तिकडच्या फेऱ्यात गुरुवारी जहाज भर पाण्यात असतं. बंदर नाही, बूथ नाही. सॅटेलाइटवरून कुणी रिंग देईल तर वेडाच म्हणायला हवा.

मग माझा चेहरा पाहून बिचाऱ्यानं मला धीर द्यायचा प्रयत्न केला. आणि तो धीर देता देता माझ्या संसाराचा निकाल लावून गेला.

"आप अपनी सिस्टर से पूछिए ना, दमणवाली. उनको पता होगा. दिलीपभाई उनसे तो हर गुरुवार बात करते थे, पूरा कार्ड खतम होने तक."

मला बहीण नाही. दमणला नाही, कुठंच नाही.

टंडेलला तसं वाटलेलं, कारण दिलीप फिरवायचा त्या नंबरला त्याच्याच गावचा कोड. हा माणूस बूथवर दिलीपच्या मागे रांगेत असायचा आणि भाभीच्या बहिणीचं सासर आपल्याच गावात म्हणून खूश व्हायचा. म्हणजे असं की, आधी मला दोन-दोन घंट्या, फुकटातल्या. आणि मग तेच कार्ड जसंच्या तसं वापरून तिच्याशी बोलणं, मनसोक्त, शेवटच्या युनिटपर्यंत. माझ्यासाठी जी काटकसर होती ती तिच्यासाठी शिल्लक होती. केसानं गळा कापणं म्हणतात ते याला.

नाना दमणला गेला. दोन दिवसांत सापडला दिलीप. एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत इस्त्री करत होता, बाई आधीपासूनची, जहाजाच्याही आधीपासूनची. मी इटली, अमेरिका, सात समुद्र करत बसले होते, आणि हा वापी स्टेशनला उतरून अर्ध्या तासावर! उधन्याहून दोन तासांचा प्रवास. माझी माय गेली तेव्हा मायच्या दारापेक्षा हा मला जवळ होता.

आखाजीला आठवडा राहिला असेल, नाना त्याला घेऊन सुरतला आला. वार मुद्दाम बघितला नव्हता. हॉटेलात याची सुट्टी गुरुवारी, म्हणून गुरुवार. आमच्या खोलीत चार माणसं मावायची नाहीत, म्हणून बैठक कांताबेनच्या पुढच्या खोलीत. आम्ही तिघं, कांताबेन आणि वैशू. वैशूनं त्याला ओळखलं नाही. ती माझ्या पदराआडून बघत होती.

तो मान खाली घालून बसला होता, पण पश्चात्ताप वगैरे काही नाही. उलट जरा वैतागलेला, बसच्या रांगेत उशीर झाल्यासारखा. म्हणाला, त्याला सांगायचं होतं, पण जमलं नाही. म्हणाला, रिंग बंद झाली की मी समजेन असं त्याला वाटलं होतं.

"बंद कुठं झाली?" मी म्हटलं.

"मी सप्टेंबरपासून एकबी घंटी दिधी नही."

"दर गुरुवारी आली. जानेवारीत तीन आली. माझी माय गेली त्या दिवशी दोन आली. तुझं ते 'सगळं ठीक'!" पहिल्यांदा त्याला अरे-तुरे केलं, आणि माझं मलाच हलकं वाटलं.

"तू खोटं बोली ऱ्हायनी."

तेवढ्यावर कांताबेन उसळल्या. त्या बाईनं आयुष्यात कधी आवाज चढवला नसेल. छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "मारा सम, दर गुरुवारे आवी छे. आ छोकरी ए गणी छे." मोजणारी ही पोर, म्हणत त्यांनी वैशूकडे बोट केलं. आणि माझ्या चार वर्षांच्या लेकीनं, कुणी न विचारता, दोन बोटं वर केली.

घड्याळ त्याच्या डोक्यावरच होतं. साडेतीन.

फोन वाजला.

एक... आणि कट.

एकच. सबंध वर्ष मी त्या एका घंटीची वाट पाहिली होती. निघालो, येतोय. आणि ज्यानं निघायचं होतं तो माझ्यासमोर सतरंजीवर बसलेला, हातात कांताबेनच्या चहाचा कप.

"आई, एकच," वैशू म्हणाली.

बाहेर लूम बंद. कांताबेनच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता. नाना एकदा फोनकडे, एकदा डायलच्या कुलपाकडे बघत होता. मी मनातल्या मनात ते मिनिट मोजत होते, सवयच होती.

दिलीप एकदम उठला. म्हणाला, कोण चावटपणा करतंय ते बघतोच. आणि जशी दुसरी घंटी वाजली तसा त्यानं फोन उचलला.

आमचा साडेतीनचा तो फोन... एवढ्या महिन्यांत कुणी उचलला नव्हता. मी नाही, कांताबेननी नाही, कारण त्याचं कार्ड जाईल. आणि तो यानं उचलला.

"हॅलो, कोन बोली ऱ्हायनं?" दरडावून म्हणाला.

मला पलीकडचं काही ऐकू आलं नाही, पण पलीकडे कुणीतरी बोलत होतं एवढं नक्की, कारण हा ऐकत होता. माणूस ऐकताना कसा दिसतो ते कळतं. आधी त्याच्या कपाळावरची आठी गेली. मग त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, वैशूकडे पाहिलं, आणि पाठ फिरवून भिंतीकडे तोंड केलं. मी उठले आणि हात पुढे केला. त्यानं मला खांद्यानं अडवलं. रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरलेला.

बऱ्याच वेळानं म्हणाला, "हो."

थोडं थांबून पुन्हा, "हो. नही सांगाव."

आणि ठेवून दिला. मी झडप घालून उचलला तर नुसता टूंऽऽ आवाज. कुलूप जागेवर, किल्ली कांताबेनच्या कमरेला.

"कोण होतं?"

"राँग नंबर व्हता."

"इतका वेळ राँग नंबर? तू 'हो' कुणाला म्हणालास?"

"राँग नंबर म्हन ना."

तो चप्पल घालून निघाला. फारकतीचं जे काही नाना म्हणेल ते कबूल, एवढं दारातून बोलला. जिना उतरताना त्यानं कठडा धरला होता, म्हाताऱ्यानं धरावा तसा. कप तसाच राहिला.

कोण निघालं होतं, कुठून निघालं होतं, मला माहीत नाही. आमच्याकडे कुणी आलं नाही. त्यानंतर गुरुवारी साडेतीनला तो फोन कधी वाजला नाही. मी अजून दोन वर्षं त्या खोलीत होते, खात्रीनं सांगते.

लोकांनी मला खूप काही सुचवलंय. एक्स्चेंजची टेस्टिंगची रिंग असते म्हणे. असेल, पण जानेवारीत तिला तीन वाजायचं कुणी सांगितलं? कांताबेनना दया आली असेल, त्यांनीच कुणाला तरी सांगून करवलं असेल, असं नाना कितीतरी वर्षं म्हणायचा. मी कांताबेनच्या शेवटच्या आजारपणात त्यांच्या उशाशी बसून विचारलं. त्या म्हणाल्या, "गांडी, मने आवडतुं होत तो हुं तारी मा पासे तने मोकली न देत?" वेडे, मला जमलं असतं तर मी तुला तुझ्या आईकडे नसतं का पाठवलं... आणि मायचा जीव घुटमळत होता असंही कुणी म्हणतं. पण रिंग माय जाण्याच्या आधीपासून येत होती, आणि माझी माय कधी खोटं बोलली नाही.

माझा राग समजून घ्या. दिलीपनं मला फसवलं ते मला कळतं. पुरुष फसवतात, त्यात अमानवीय असं काही नाही. पण तो सोडून गेला तेव्हाच जर फोन गप्प बसला असता, तर मी ऑक्टोबरात शोध घेतला असता, दिवाळीत नानाकडे रडले असते, आणि फेब्रुवारीत मायजवळ असते. जे काही होतं त्याला सगळं ठाऊक होतं. आमची खूण ठाऊक होती, वेळ ठाऊक होती. तरी त्यानं दर आठवड्याला मला खोटं सांगितलं आणि त्या चटईवर बसवून ठेवलं. का? माझ्यावर दया म्हणून? असली दया मला नको होती.

पुढे वैशालीच्या लग्नात दिलीप आला होता. जावयाच्या घरच्यांसाठी बोलवावं लागलं. केस पिकलेले, एकटाच. जेवणाच्या पंगतीमागे मी त्याला गाठलं. इतक्या वर्षांत मी त्याला ना खर्च मागितला ना जाब. एकच प्रश्न विचारला, त्या दिवशी फोनवर कोण होतं? मंडपाच्या बांबूला टेकून तो उभा होता. त्यानं डोळे पुसले. हा माणूस आमच्या फारकतीत रडला नव्हता.

"तो फोन तुनाच व्हता, शोभा. तुनाच निरोप व्हता. पन सांगानं नही असं मी कबूल करेल शे."

मी पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. म्हटलं, माझा निरोप मला दे, बाकी काही नको. त्यानं मान हलवली आणि अक्षता घ्यायला निघून गेला. दोन वर्षांनी दमणला वारला.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर लिहा. पण 'जे झालं ते बऱ्यासाठी' असं कृपा करून लिहू नका. लग्नात दिलेला शब्द त्यानं मोडला, मला दिलेला, पोरीला दिलेला, सगळे मोडले. आयुष्यात एकच शब्द त्यानं मरेपर्यंत पाळला, आणि तो माझ्या निरोपावर बसून पाळला.